टेक्सास होल्डेम: डाव, शक्यता आणि खेळण्याच्या शैली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

होल्डेमबद्दल प्रश्न पाठवणारे बहुतेक जण तीन पत्ती खेळून इकडे वळलेले असतात. गणपतीच्या जागरणात आणि कोजागरीच्या रात्री पत्ते कुटून हात बसलेला असतो. त्यामुळे खेळ समजायला वेळ लागत नाही, पण जुन्या सवयी महागात पडतात. पुढची उत्तरं त्या सवयी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. उदाहरणांतले आकडे चिप्सचे आहेत. चिंचोके लावून खेळलात तरी गणित तेच राहतं.

१. मला तीन पत्ती येते. होल्डेममध्ये वेगळं काय आहे?

प्रत्येकाला दोन बंद पानं मिळतात. मध्ये पाच पानं उघडतात आणि ती सगळ्यांची असतात. आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). हातातली दोन आणि मधली पाच अशा सातांतून सर्वांत चांगली पाच पानं धरायची. बोली चारदा होते: फ्लॉपच्या आधी, फ्लॉपनंतर, टर्ननंतर आणि रिव्हरनंतर.

बूट (डाव सुरू होण्याआधीची रक्कम) सगळ्यांनी ठेवायचा नसतो. डीलरच्या डाव्या हाताचे दोघं स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच ठेवायची लहान आणि मोठी रक्कम) ठेवतात, बाकीचे पानं बघून ठरवतात. न बघता खेळलं म्हणून अर्धी चाल, असला प्रकार इथे नाही. नो-लिमिटमध्ये (बोलीला वरची मर्यादा नसलेल्या प्रकारात) आपली पाळी आली की पुढ्यातलं सगळं लावता येतं, त्याला ‘ऑल-इन’ म्हणतात.

खरा फरक असा, की तीन पत्तीत पानं एकदाच मिळतात आणि पुढे फक्त चाल वाढते. होल्डेममध्ये दर टप्प्याला नवं पान उघडतं आणि हाताची किंमत बदलते. फ्लॉपच्या आधीची राजांची जोडी मध्ये एक्का आणि तीन बदाम पडल्यावर तेवढ्या मोलाची राहत नाही.

२. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते. इथे उलटं का?

कारण जे दुर्मीळ ते वरचं, आणि तीन पानांचं गणित पाच पानांना लागू पडत नाही. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत साध्या सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून तिथे सिक्वेन्स मोठी. पाच पानांचे हात २५,९८,९६० होतात. त्यांत सिक्वेन्स (स्ट्रेट) १०,२०० आणि कलर (फ्लश) ५,१०८. इथे कलर जवळपास निम्म्यानेच येतो, म्हणून तो वरचा.

उतरता क्रम असा: एकाच रंगाची सिक्वेन्स, चार सारखी, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), कलर, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, मोठं पान. म्हणजे तीन पत्तीत सगळ्यांच्या वर बसणारी ट्रेल (तीन सारखी) इथे साध्या सिक्वेन्सच्याही खाली येते. एक्का-दुर्री-तिर्री हीसुद्धा तिकडची मोठी गोष्ट. इथे एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी ही सगळ्यांत लहान सिक्वेन्स आहे. नवीन माणसाचा पहिला मोठा पॉट (मध्ये जमलेली रक्कम) बहुधा याच गोंधळात जातो.

३. सुरुवातीला कोणती दोन पानं खेळायची?

दोन पानांच्या एकूण १,३२६ जोडण्या होतात. रंगांचा भेद काढला तर १६९ प्रकार उरतात. कोणतीही एक ठरावीक जोडी सहा प्रकारे येते, एका रंगातले एक्का-राजा चार प्रकारे आणि वेगळ्या रंगांतले बारा प्रकारे. हे आकडे पाठ करून ठेवा, प्रश्न ९ मध्ये लागतील.

नऊ जणांच्या टेबलावर सगळ्यांच्या आधी बोलायचं असेल तर मधल्या आणि मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी आणि एका रंगातली काही चित्रांची पानं एवढंच पुरे. डीलरच्या जागेवर बसलात आणि आधीचे सगळे पॅक झाले (पानं टाकून बाहेर पडले) तर यापेक्षा कितीतरी जास्त हात खेळता येतात: लहान जोड्या, एका रंगातली अठ्ठी-सत्ती, एक्क्यासोबतचं त्याच रंगाचं लहान पान.

‘एका रंगाची आहेत’ एवढ्यावर मात्र जाऊ नका. एका रंगाच्या दोन पानांना फ्लॉपवरच कलर लागण्याची शक्यता ०.८४ टक्के आहे. इस्पिक राणी आणि इस्पिक तिर्री हा हात दिसायला बरा, खेळायला वाईट. राणीची जोडी लागली तर दुसऱ्याकडच्या राणीसोबत मोठं पान असतं, आणि कलर लागला तर कुणाकडे तरी इस्पिकचा एक्का किंवा राजा निघतो.

४. पोझिशनचं (बोलण्याच्या क्रमातल्या जागेचं) एवढं कौतुक का करतात?

फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्याला बाकी सगळ्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. समोरचा दोनदा चेक करून (काही न लावता पाळी पुढे देऊन) गप्प बसला तर फुकटात पुढचं पान बघायचं की पॉट उचलायचा, हे तुमच्या हातात राहतं. आधी बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी अंदाजाने पाऊल टाकावं लागतं.

स्वतःच्या डावांची नोंद ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एकच चित्र दिसतं: कमाई डीलरच्या जागेवरून होते, ब्लाइंडच्या जागांवर तोटा होतो. चांगले खेळाडूही ब्लाइंडमध्ये हरतात, फक्त कमी हरतात. त्यामुळे ‘माझे पैसे आधीच पॉटमध्ये आहेत’ म्हणून स्मॉल ब्लाइंडमधून कसलाही हात पुढे नेणं चुकीचं आहे. ठेवलेले पैसे आता पॉटचे झाले.

५. आउट्स म्हणजे काय आणि ते पटकन कसे मोजायचे?

तुमचा हात जिंकता करणारं, अजून न दिसलेलं पान म्हणजे आउट. हातात दोन बदाम आणि मध्ये दोन बदाम असतील तर तेरापैकी नऊ बदाम उरले, म्हणून नऊ आउट्स. दोन्ही टोकांनी उघड्या सिक्वेन्सला आठ, मधलं एकच पान हवं असेल तर चार.

टेबलावर भागाकार करत बसू नका. एक पान यायचं असेल तर आउट्सची दुप्पट आणि दोन्ही पानं यायची असतील तर चौपट. जे येईल ते टक्के समजा. नऊ आउट्सना हा हिशेब ३६ टक्के सांगतो, नेमका आकडा ३५ आहे. आठांना ३२ सांगतो, नेमका ३१.५. चारांना १६, नेमका १६.५. बारा-पंधरा आउट्स असले की चौपट जरा जास्तच सांगते, तेव्हा तीन ते सहा टक्के उतरवा (पंधराला ६० येतात, खरे ५४ असतात).

चौपट एकाच स्थितीत वापरायची: फ्लॉपवर कुणीतरी ऑल-इन गेलेला असताना, म्हणजे दोन्ही पानं पुढची बोली न भरता बघायला मिळणार असतील तेव्हा. टर्नवर पुन्हा पैसे मागितले जाणार असतील तर दुप्पटच धरा. ३५ टक्के धरून फ्लॉपवर कॉल करायचा (समोरच्याने लावले तेवढे भरायचे) आणि टर्नवर पुन्हा पैसे भरायचे, हा तोट्याचा सगळ्यात रुळलेला रस्ता आहे.

६. पॉट ऑड्स कळतात असं वाटतं, पण टेबलावर सुचत नाहीत. एखादा डाव घेऊन सांगाल का?

सांगतो. पॉट ऑड्स म्हणजे पॉटच्या तुलनेत तुम्हाला किती भरावे लागतात तो भाव. तुमच्या हातात बदामचा एक्का आणि बदामची छक्की. मध्ये बदामचा राजा, किलवरची नव्वी, बदामची चौकी आणि टर्नला इस्पिकची दुर्री. पॉटमध्ये ६०० आहेत. समोरचा २०० लावतो.

आता पॉट ८०० झाला आणि तुम्हाला २०० भरायचेत. भरल्यावर पॉट १,००० होईल, त्यात तुमचा वाटा २००, म्हणजे २० टक्के. पाच वेळांत एकदा जिंकलात तर बरोबरी. बदाम येण्याची शक्यता ४६ पानांत ९, म्हणजे १९.६ टक्के. जवळजवळ बरोबरी झाली. शिवाय समोरच्याकडे राजाची जोडी असेल तर उरलेले तीन एक्केही तुमचेच, मग १२ आउट्स आणि २६ टक्के. कलर लागला तर रिव्हरवर आणखी थोडे मिळतील तेही धरा. कॉल करा, डोकं खाजवायची गरज नाही.

हाच माणूस २०० ऐवजी ६०० लावतो तेव्हा १,८०० च्या पॉटसाठी ६०० भरायचे, म्हणजे ३३ टक्के लागतात. तुमच्याकडे फार तर २६ आहेत. पानं तीच, समोरचा तोच, आणि आता हात टाकायचा. ‘कलर लागणार असं वाटत होतं’ याने भाव बदलत नाही.

आता एक बारकावा. समोरच्याकडे राजांची हातातली जोडी असेल, म्हणजे मधल्या राजाबरोबर तीन राजे झाले असतील, तर नवापैकी दोन बदाम निकामी होतात. बदामची नव्वी आली तर मध्ये नव्व्यांची जोडी पडते, बदामची दुर्री आली तर दुर्र्यांची. दोन्ही वेळा तुमचा कलर होतो आणि त्याचं फुल हाउस. खरे आउट्स सात, आणि एक्क्यांचा काहीच उपयोग नाही. म्हणून आउट्स मोजताना आधी समोरच्याकडे काय असू शकतं ते बघायचं.

कायम लक्षात ठेवायचे भाव चारच आहेत. एक तृतीयांश पॉट लावला तर २० टक्के लागतात, अर्धा पॉट लावला तर २५, दोन तृतीयांश लावला तर २९ च्या आसपास, पूर्ण पॉट लावला तर ३३.

७. लहान जोडी घेऊन फ्लॉप बघायला किती भरावं?

हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरं तसंच पान येण्याची शक्यता ११.८ टक्के, साधारण साडेआठ वेळांत एकदा. नुसत्या पॉटचा भाव बघितला तर कॉल परवडत नाही. परवडतो तो पुढे मिळणाऱ्या पैशांमुळे. माझा हिशेब असा: १०० भरायचे असतील तर समोरच्याच्या आणि तुमच्या, दोघांच्याही पुढ्यात किमान हजार ते दीड हजार उरलेले हवेत. सेट (हातातल्या जोडीला तिसरं तसंच पान) लागला तरी समोरचा प्रत्येक वेळी सगळे देणार नाही आणि कधीकधी सेटही हरतो, म्हणून एवढी पट.

समोरच्याकडे फक्त ४०० उरले असतील तर पंजीच्या जोडीने ‘सेट लागतो का बघू’ म्हणणं म्हणजे पैसे ओतणं.

८. एक्क्यांची जोडी आली की मी हरतोच. काय चुकतं?

बहुधा टेबलावर माणसं जास्त ठेवता. ही जोडी २२१ हातांत एकदा येते. घरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात होतात, म्हणजे सात-आठ तासांत एकदा. एवढी वाट बघून आली म्हणून माणूस ती ‘लपवतो’, फक्त कॉल करतो, आणि पाच जण फ्लॉप बघतात.

कुठल्याही एका हाताविरुद्ध ती सरासरी ८५ टक्के जिंकते, दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६ आणि पाच जणांविरुद्ध ४९. पानं तुमची तीच असतात, माणसं वाढवून तुम्ही निम्मा हक्क सोडून देता. फ्लॉपच्या आधीच वाढवा आणि एक-दोघांनाच बरोबर घ्या.

दुसरी गोष्ट, फ्लॉपनंतर ती फक्त एक जोडी आहे. मध्ये दश्शी-नव्वी-अठ्ठी एका रंगाची पडली, दोघं जण जोरात वाढवत सुटले, तर एक्के टाकून द्यायची तयारी हवी. आणि राजांच्या जोडीविरुद्धसुद्धा ती १८ टक्के वेळा हरते. हरलेले डाव लक्षात राहतात, जिंकलेला छोटा पॉट कुणी कुणाला फोन करून सांगत नाही.

९. एक्का-राजा मोठा हात आहे की नाही? जोडी तर नसते.

मोठाच आहे, पण तो बनलेला हात नाही. फ्लॉपवर एक्का किंवा राजा लागण्याची शक्यता ३२ टक्के आहे, म्हणजे तीनपैकी दोन वेळा काहीच हाती लागत नाही. राणींच्या जोडीविरुद्ध वेगळ्या रंगांतले एक्का-राजा ४३ टक्के आणि एका रंगातले ४६ टक्के जिंकतात. जवळपास नाणेफेक.

मग त्याने फ्लॉपच्या आधी जोरात का वाढवायचं? एकतर एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी यांच्यावर तो तीनास एक या प्रमाणात भारी पडतो, आणि लोक हे हात घेऊन कॉल करतात. दुसरं कारण प्रश्न ३ मधल्या आकड्यांत आहे. एक एक्का तुमच्याकडे असला की दुसऱ्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे सहाऐवजी तीनच प्रकार उरतात, राजांचंही तसंच. ज्या दोन हातांची तुम्हाला खरी भीती, तेच निम्मे झाले.

१०. टाइट, लूज, अ‍ॅग्रेसिव्ह या शैलींत माझी कोणती आणि कोणती चांगली?

दोन प्रश्न स्वतःला विचारा. शंभरांतले किती हात खेळता? आणि खेळता तेव्हा वाढवता की नुसतं कॉल करता? पहिल्या प्रश्नावरून टाइट किंवा लूज ठरतं, दुसऱ्यावरून आक्रमक किंवा बचावी.

टाइट आणि बचावी माणसाला टेबलावर ‘रॉक’ म्हणतात. तासभर पॅक करत बसतो, चहा पितो, आणि अचानक वाढवतो. सगळे हसून पानं टाकतात. त्याला कधी मोठी हार होत नाही आणि कधी मोठा पॉटही मिळत नाही. ब्लाइंड त्याला हळूहळू खातात. त्याच्याविरुद्ध उपाय सोपा: तो गप्प असताना त्याचे ब्लाइंड उचला, तो बोलला की बाजूला व्हा.

लूज आणि बचावी म्हणजे ‘कॉलिंग स्टेशन’. याला ओळखायची एक खूण सांगतो. रिव्हरवर समोरचा मोठी रक्कम लावतो. हा पुन्हा एकदा आपली दोन पानं उचलून बघतो, मान हलवत ‘तुझंच आहे, पण बघू दे’ म्हणतो आणि चिप्स सरकवतो. हातात निघते मधल्या जोडीपेक्षा लहान जोडी. तीन पत्तीतली ‘शो मागितल्याशिवाय सोडायचं नाही’ ही सवय घेऊन आलेले बरेच जण याच वर्गात असतात, आणि छोट्या टेबलावर सगळ्यांचा नफा याच्याच खिशातून येतो.

लूज आणि आक्रमक दोन प्रकारचे. एक ज्याला कशाचाच धरबंध नाही, तो. त्याच्यापुढे चांगला हात येईपर्यंत धीर धरा आणि मग त्यालाच लावू द्या. दुसरा खरोखर जाणकार, जो भरपूर हात खेळतो पण प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला अवघड प्रश्न घालतो. तो डाव्या हाताला बसला असेल तर शक्य झाल्यास जागा बदला.

सुरुवातीला टाइट-आक्रमक खेळा, हे माझं ठाम मत. नऊ जणांत शंभरांतले पंधरा-वीस हात, सहा जणांत बावीस-पंचवीसच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक वाढवूनच सुरू करायचे. ही सर्वांत भारी शैली आहे असं नाही. हिच्यात अवघड निर्णय कमी येतात, म्हणून ती नव्या माणसाला झेपते.

११. ब्लफ किती वेळा करावा?

‘किती वेळा’पेक्षा ‘किती लावून’ हे आधी बघा. ६०० च्या पॉटमध्ये ३०० चा ब्लफ केलात (पानं कमजोर असताना लावलेत) तर समोरच्याने तीनांत एकदा पानं टाकली तरी बरोबरी होते. ६०० लावलेत तर निम्म्या वेळा टाकायला हवीत. फार मोठ्या ब्लफने माणूस घाबरतो खरा, पण त्याने किती जास्त वेळा घाबरायला हवं हेही त्याबरोबर वाढतं.

रिव्हरच्या आधी ब्लफ करायचाच तर ज्या हाताला आउट्स आहेत त्याने करा. प्रश्न ६ मधला एक्का-छक्की हा फ्लॉपवर वाढवायला उत्तम हात आहे: समोरच्याने टाकलं तर पॉट तुमचा, नाही टाकलं तरी नऊ बदाम आहेतच.

आणि गोष्ट जुळली पाहिजे. फ्लॉपवर आणि टर्नवर निवांत चेक करणारा माणूस रिव्हरला साधी दुर्री पडल्यावर एकदम पॉटभर लावतो, तेव्हा त्या दुर्रीने त्याचं काय झालं असेल हा प्रश्न कुणालाही पडेल.

१२. आमच्या टेबलावर कुणी पॅकच करत नाही. मग ब्लफ कसा चालणार?

चालणार नाही. करू नका. चांगला हात असेल तेव्हा नेहमीपेक्षा जास्त लावा, अर्ध्याऐवजी पाऊण किंवा पूर्ण पॉट, आणि एक जोडीवरही तीन टप्प्यांपैकी दोनदा तरी पैसे मागा. ‘मी एवढे लावले तर त्याला संशय येईल’ ही भीती कॉल करणाऱ्यांच्या टेबलावर अनाठायी आहे. त्यांना संशय येत नाही, त्यांना पानं बघायची असतात.

१३. चेहरा बघून पानं ओळखता येतात का?

थोडीफार. चिप्स पुढे सरकवताना एकदम थरथरणारा हात बहुधा मोठी पानं सांगतो, ब्लफ नाही. लोक नेमकं उलटं धरून चालतात. पण लावलेल्या रकमेत जेवढं कळतं तेवढं चेहऱ्यात कळत नाही. कोण चांगल्या हाताला मोठं लावतो आणि कलरची वाट बघताना लहान, हे दोन तासांत कळतं.

१४. टूर्नामेंटमध्ये वेगळं खेळावं लागतं का?

हो, दोन कारणांनी. ब्लाइंड वाढत जातात, आणि चिप्स संपल्या की बाहेर. पुढ्यात दहा बिग ब्लाइंड किंवा त्याहून कमी उरले की छोटं वाढवून फ्लॉप बघण्याची चैन नसते. एकतर सगळं लावा नाहीतर टाका. प्रश्न ७ मधलं लहान जोडीचं गणितही तिथे लागू नाही, कारण मागे मिळण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

दुसरं, टूर्नामेंटमध्ये चिप्स दुप्पट झाल्याने बक्षिसातला तुमचा अपेक्षित वाटा दुप्पट होत नाही. बक्षिसाला एकच माणूस बाहेर जायचा बाकी असताना आणि दुसऱ्या टेबलावर कुणी दोन ब्लाइंडवर तग धरून असताना, राणींची जोडीसुद्धा चिप्सचा मोठा ढीग असलेल्या माणसासमोर टाकणं योग्य ठरू शकतं. कॅश टेबलावर (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे) तेच करणं वेडेपणा.

१५. कॉम्प्युटरने पोकर सोडवला म्हणतात. मग शिकून काय उपयोग?

अर्धवट खरं आहे. अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ या प्रोग्रॅमने २०१५ मध्ये दोघांचा, ठरावीक रकमेच्या बोलीचा होल्डेम व्यवहारात सोडवला. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलनच्या ‘लिब्राटस’ने दोघांच्या नो-लिमिटमध्ये चार व्यावसायिकांना १,२०,००० हातांत हरवलं, आणि २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ सहा जणांच्या टेबलावर जिंकला. पण जिंकणं आणि सोडवणं वेगळं. नऊ जणांचा नो-लिमिट अजून सुटलेला नाही.

शिवाय सॉल्व्हर (अचूक खेळ काढून दाखवणारा प्रोग्रॅम) चूक न करणाऱ्याशी खेळायला शिकवतो. प्रश्न १२ मधल्या टेबलावर त्याचे नाजूक ब्लफ वाया जातात.

१६. शेवटी नशीबच ना?

एका रात्रीत, बऱ्याच अंशी हो. चांगला खेळाडू शंभर हातांत सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावतो असं धरा. नो-लिमिटमध्ये शंभर हातांचा चढउतार ८० ते १०० ब्लाइंड असतो. या हिशेबाने १०,००० हातांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता पाव ते एक तृतीयांश आहे. दर शनिवारी सात तास बसणाऱ्याला १०,००० हात व्हायला वर्ष लागतं. म्हणजे वर्षभर नीट खेळूनही खिसा हलका असू शकतो, आणि वाईट खेळणारा वर्षभर फुशारकी मारू शकतो.

यात टेबलाचा खर्च धरलेला नाही. प्रत्येक पॉटमधून रेक (टेबल चालवणाऱ्याचा वाटा) कापला जात असेल तर बरोबरीचा खेळाडूही हरतो.

१७. पैसे लावून खेळणं कायदेशीर आहे का?

जागेवर अवलंबून आहे, आणि नेमक्या प्रकरणासाठी वकीलच गाठा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारच म्हटलं. तीन पत्तीचा प्रश्न त्याहून जुना: रमी मुख्यतः कौशल्याची असं सांगताना सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या निकालात तीन पत्तीच्या प्रकाराला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं होतं. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर परवानाधारक कॅसिनो आहेत. वय २१ पूर्ण हवं, आणि २०२० पासून खुद्द गोंयकारांना तिथे खेळायला मज्जाव आहे. ऑनलाइनचं चित्र ऑगस्ट २०२५ मध्ये पालटलं: संसदेच्या नव्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. तरीही ‘परदेशी अ‍ॅप आहे, चालतं’ असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. तिथे अडकलेले पैसे मागायला दार नसतं.

उधारीवर आणि घरखर्चातून खेळू नका. हरलेले परत मिळवायला उशिरापर्यंत बसणं होत असेल, घरी रक्कम लपवावी लागत असेल, तर खेळ थांबवून कुणाशी तरी बोला. वरचं कुठलंच गणित तिथे कामाला येत नाही.

१८. दोघांची जोडी सारखीच असेल तर? रंगाने ठरतं का?

रंगाने कधीच ठरत नाही. इस्पिक आणि किलवर सारखेच. पाच पानं पुरी करून उरलेलं मोठं पान बघायचं. पाचही सारखी निघाली तर पॉट वाटून घ्यायचा. सहावं-सातवं पान मोजत नाहीत.

फसवणारा डाव असा: तुमच्याकडे पंजीची जोडी, समोरच्याकडे एक्का-राणी. मध्ये राजा, राजा, नव्वी, नव्वी, दुर्री. तुम्हाला वाटतं आपल्याकडे जोडी आहे, त्याच्याकडे काही नाही. पण दोघांच्याही दोन जोड्या मधल्याच, राजा आणि नव्वी. पाचवं पान तुमचं पंजी, त्याचं एक्का. पॉट त्याचा. टर्न उघडेपर्यंत तुम्ही पुढे होता, मधल्या दुसऱ्या जोडीने तुमची जोडी पुसून टाकली.

१९. एकाच्या चिप्स संपल्या आणि बाकीचे खेळत राहिले तर पॉट कसा वाटायचा?

पहिल्याकडे ३००, दुसऱ्याकडे ८००, तिसऱ्याकडे २,०००, आणि तिघंही सगळं लावतात. प्रत्येकाचे ३०० घेऊन मुख्य पॉट ९०० चा. दुसरा आणि तिसरा यांचे आणखी ५००-५००, म्हणजे बाजूचा पॉट १,००० चा. तिसऱ्याचे उरलेले १,२०० कुणी भरूच शकत नाही, ते त्याला परत.

आधी बाजूचा पॉट सोडवा, फक्त त्या दोघांत. मग मुख्य पॉट तिघांत. पहिल्याचा हात सर्वांत भारी निघाला तर त्याला ९०० च मिळतात, आणि दुसरा त्याच्याकडून हरूनही १,००० घेऊन जाऊ शकतो.

२०. कुणी वाढवण्यापुरते पैसे नसताना ऑल-इन गेला तर मला पुन्हा वाढवता येतं का?

यावर हमखास भांडणं होतात. ब्लाइंड ५०-१०० आहेत. तुम्ही ३०० केलेत, म्हणजे २०० ने वाढवलंत. पुढची वाढ किमान २०० ची हवी. शेजारी ४०० वर ऑल-इन गेला, म्हणजे फक्त १०० ने वाढ. ती अपुरी आहे. तिसरा माणूस अजून बोललेला नाही, त्याला कॉल करता येईल किंवा किमान ६०० करता येतील. त्याने नुसता ४०० चा कॉल केला आणि पाळी तुमच्याकडे आली तर तुम्हाला १०० भरता येतात किंवा पानं टाकता येतात. वाढवता येत नाही. तिसऱ्याने ६०० केले असते तर तुमचा हक्क पुन्हा उघडला असता.

याच जातीचा दुसरा वाद: बोली १०० ची असताना न बोलता हजाराची एकच चिप टाकली तर तो कॉल धरतात. वाढवायचं असेल तर आधी तोंडाने ‘रेज’ म्हणा. आणि थोड्या चिप्स ठेवून, समोरच्याचा चेहरा बघून, मग आणखी ठेवणं चालत नाही.

२१. दोघंच उरल्यावर ब्लाइंड कोण ठेवतो?

इथे नेहमीची रचना बदलते. डीलर स्वतःच स्मॉल ब्लाइंड ठेवतो आणि समोरचा बिग ब्लाइंड. फ्लॉपच्या आधी डीलर पहिला बोलतो, फ्लॉपपासून पुढे शेवटी. तिघांवरून दोघांवर येताना एकाच माणसाला लागोपाठ दोनदा बिग ब्लाइंड येणार असेल तर बटण (डीलरची जागा दाखवणारी खूण) सरकवून ते टाळतात.